रमाबाईंचं पहिलं वर्ष
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की यवत, खुटबाव ही स्टेशनं मागे पडतात आणि केडगाव येतं. शिरूरकडून यायचं तर न्हावऱ्यावरून भीमा ओलांडायची, पारगाव घ्यायचं, की पुढे केडगावच. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर. पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' या गावात आहे, हे आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र ज्या बाईनं हे उभं केलं, ती एके काळी परदेशात शिकायला गेलेली विद्यार्थिनी होती आणि तिचं तिथलं पहिलं वर्ष फार वाईट गेलं होतं, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आज बोलायचं आहे ते त्या एका वर्षाबद्दल.

हा विषय मनात येण्याला कारण झालं. शिरूर तालुक्यातली, माझ्या ओळखीच्या घरातली एक मुलगी परदेशातल्या विद्यापीठात शिकायला गेली. जमीन तारण ठेवून, बँकेचं कर्ज काढून बापानं पाठवली. वर्षभरानं ती सुटीत घरी आली. घरात पेढे वाटले गेले. मार्क चांगले होते. आई सगळ्यांना सांगत होती, "फोनवर रोज बोलायची, सगळं छान चाललंय म्हणायची." चहा झाल्यावर पोरगी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "सर, दोन महिने मी रोज खोटं बोलले. घरी सांगितलं असतं तर आईनं जेवण टाकलं असतं."

मी घरी आलो आणि कपाटातून रमाबाईंच्या पत्रांचा संग्रह काढला. ही पत्रं इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवली होती. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. त्या पत्रांत जी रमाबाई दिसते ती पुतळ्यातली नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, दुसऱ्याच्या आश्रयाला राहून शिकणारी एक पंचविशीतली बाई त्यात दिसते.

आधी थोडी पार्श्वभूमी. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, म्हणून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनं मुलीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह, मनोरमेचा जन्म आणि १८८२ साली वैधव्य. एवढं सगळं चोविसाव्या वर्षापर्यंत घडून गेलं होतं.

त्याच १८८२ साली त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे आजार सांगत नाहीत आणि मरतात, तेव्हा स्त्रियांना वैद्यकीचं शिक्षण द्या, असं त्यांनी कमिशनला सांगितलं. दुसऱ्याला सांगायचं ते आधी आपण करावं, या वृत्तीनं त्यांनी स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं. पुण्यात पंचहौदापाशी वाँटेज या इंग्लिश गावातल्या मठाच्या सिस्टर्स काम करत होत्या. त्यांच्या ओळखीतून इंग्लंडचा रस्ता निघाला. प्रवासाचा खर्च 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून. तिथं राहण्याजेवण्याची सोय सिस्टर्स करणार आणि त्या बदल्यात भारतात कामाला येऊ पाहणाऱ्या सिस्टर्सना रमाबाई मराठी शिकवणार, असा व्यवहार ठरला. आजच्या भाषेत सांगायचं तर शिकता शिकता काम करून राहायचं. आपल्याकडची मुलं परदेशात संध्याकाळी दुकानात, हॉटेलात राबतात, त्यातलाच हा प्रकार.

२० एप्रिल १८८३ रोजी मुंबईहून बोट सुटली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण. तीन दिवसांनी, २३ एप्रिलला, समुद्रावरच रमाबाईंना पंचवीस वर्षं पूर्ण झाली.

गंमत पाहा. त्याच महिन्यात, तेरा दिवस आधी, ७ एप्रिलला, कलकत्त्याहून दुसरी एक मराठी बाई बोटीत बसली होती. आनंदीबाई जोशी. वय अठरा. त्या अमेरिकेला निघाल्या होत्या, डॉक्टर व्हायला. सासरचं नाव जोशी, नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी एका मिशनरी नियतकालिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आपण होऊन या मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यांना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, सभेत त्यांनी जाहीरपणे सांगितलं की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन.

म्हणजे १८८३-८४ हे एकच शैक्षणिक वर्ष आणि त्या वर्षात दोन मराठी स्त्रिया, दोन वेगवेगळ्या देशांत, एकाच ध्येयानं गेलेल्या. आज आपल्या तालुक्यांतून जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचं पहिलं वर्ष या दोघींच्या वर्षांशी ताडून बघावं असं मला वाटतं.

आनंदीबाईंचं पहिलं वर्ष आधी पाहू, कारण ते सरळ आहे. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा कार्पेंटरबाईंच्या घरी गेला. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव दाखल झालं. डीन रेचेल बॉडली यांनी या मुलीकडे फार मायेनं पाहिलं आणि महाविद्यालयानं शिष्यवृत्ती दिली. मग हिवाळा आला. शेगडीचा धूर खोलीत कोंडायचा. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचा. नऊवारी लुगड्यात त्या थंडीचा निभाव लागेना, आणि पायही उघडे पडत. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली आणि तसं नवऱ्याला पत्रानं कळवलं. तिकडून गोपाळरावांची पत्रं कधी कौतुकाची, कधी बोचरी. नेसण्यातला एवढासा बदलही खुलासा देण्याजोगा ठरावा, असा तो काळ. प्रकृती मुळात नाजूक. ती याच काळात ढासळू लागली. पण अभ्यास पार पडला. तीन वर्षांनी, ११ मार्च १८८६ रोजी, त्यांच्या हातात पदवी पडली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

रमाबाईंच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मात्र मांडायला बसलं तर नुकसानीच्या बाजूलाच सगळ्या रकमा दिसतात.

पहिलं नुकसान ध्येयाचं. त्यांना कमी ऐकू येत असे. इंग्लंडला पोचल्यावर हे बहिरेपण वैद्यकीच्या अभ्यासाच्या आड आलं. छातीचे ठोके ऐकता आले नाहीत तर डॉक्टर कसं होणार? ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, ते कामच पहिल्या काही महिन्यांत हातचं गेलं. विचार करा, घरून सगळं विकून निघालेल्या विद्यार्थ्याला तिथं गेल्यावर कळावं, की तू ज्या अभ्यासक्रमासाठी आलास त्याला तू चालणार नाहीस. परतीचं तिकीट नाही, पदरात लहान मूल, आणि आपल्या गावात कोण काय म्हणेल ही धास्ती.

दुसरं नुकसान माणसाचं. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचं मन त्या परक्या जागी थाऱ्यावर राहिलं नाही. आपल्याला जबरीनं धर्म बदलायला लावतील, या भयानं त्यांना ग्रासलं. त्याच १८८३ साली वाँटेजला त्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला माक्स म्युलर यांच्या घरी काही दिवस राहिल्या. वेदांचे हे मोठे अभ्यासक. त्यांनी पुढे आठवणी लिहिल्या. त्यांत म्हटलं आहे की रमाबाई इतक्या हादरलेल्या होत्या की रात्री एकट्यानं झोपू शकत नव्हत्या, घरातल्या मोलकरणीला त्यांच्या खोलीत झोपावं लागे. आईबाप, भाऊ, नवरा यांचे मृत्यू पचवलेली ही बाई. तिला रात्री सोबत लागावी, यावरून त्या दिवसांची कल्पना येते.

आनंदीबाई भगत यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे. कर्तबगार माणसांच्या चरित्रात त्या एका ओळीपुरत्या येतात. पण परदेशातल्या विद्यार्थ्यांचा इतिहास लिहायचा तर त्यात त्यांची जागा रमाबाईंइतकीच मोठी आहे. जे परतले त्यांचा सत्कार आपण करतो. जे तिथं मनानं खचले, त्यांनी घरी काय कळवलं होतं आणि काय कळवता आलं नव्हतं, हे आपण विचारत नाही.

तिसरं नुकसान मायदेशातल्या नावाचं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या चर्चमध्ये रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यामागचा त्यांचा विचार, फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाचा परिणाम, पतित स्त्रियांसाठी सिस्टर्सनी चालवलेलं काम पाहून मनावर उमटलेला ठसा, हा स्वतंत्र विषय आहे. आज आपल्यापुरतं एवढंच, की ज्या पुण्यानं वर्षापूर्वी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्याच पुण्यात टीकेची झोड उठली. ज्यांनी त्यांच्या शब्दावर मुली शाळेत घातल्या होत्या, त्यांनाही तोंड चुकवायची वेळ आली.

आता एक चौथी गोष्ट, ती नुकसान म्हणावी की कमाई, ते ज्याचं त्यानं ठरवावं. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलेली ही बाई, संस्कृत, मराठी, कन्नड, हिंदी, बंगाली जाणणारी, वाँटेजला इंग्रजीचा धडा घेत बसली होती. इंग्रजी त्यांनी पुण्यात थोडं शिकलेलं होतं. पण त्या भाषेत विज्ञान वाचायचं, वाद घालायचा, तर ते पुरेसं नव्हतं. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात, की ते पहिलं वर्ष मुख्यतः इंग्रजी भाषा पक्की करण्यातच गेलं. पंडिता होती ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. आपल्या तालुक्यात पहिला आलेला मुलगा परदेशातल्या वर्गात पहिल्यांदा बसतो, प्राध्यापकाचा उच्चार कळत नाही, शेजारचा पोरगा सहज हात वर करतो आणि हा गप्प राहतो, तेव्हा त्याच्या मनात जे होतं, ते रमाबाईंच्या वाट्यालाही आलं होतं.

त्या वर्षाचा निकाल लावायचा झाला तर काय लावणार? वैद्यकी नाही, पदवी नाही, मैत्रीण गेली, पुणं दुरावलं. कुठल्याही प्रगतिपुस्तकात हे वर्ष 'नापास' असंच लिहिलं गेलं असतं.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात आल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील, इंग्लंडातल्या स्त्रीशिक्षणातलं मोठं नाव. या कॉलेजात रमाबाई संस्कृत शिकवत आणि उरलेल्या वेळात गणित, विज्ञान आणि इंग्रजी साहित्य शिकत. मनोरमा बरीचशी वाँटेजलाच सिस्टर्सपाशी राहिली. आई एका गावात शिकते आहे, तीन वर्षांचं मूल दुसऱ्या गावात वाढतं आहे. शिक्षणाची ही किंमतही त्यांनी मोजली.

आणि इथं, पहिलं वर्ष संपताना, एक प्रसंग घडला. पुरुष विद्यार्थ्यांनाही रमाबाईंनी संस्कृत शिकवावं, असा विचार पुढे आला. त्यावर लाहोरचे बिशप आणि मुंबईचे बिशप या दोघांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की ही गोष्ट हिंदुस्थानात कळली तर तिथल्या स्त्रियांत रमाबाईंचं वजन राहणार नाही. हरकत घेणारे त्यांचे हितचिंतकच होते. त्यांच्याच चर्चच्या माणसांच्या आधारावर त्या त्या देशात राहत होत्या, अन्न खात होत्या. अशा वेळी मुकाट्यानं मान तुकवणं सोपं असतं.

रमाबाईंनी प्राचार्य बाईंना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं मला किंवा माझ्या आईला पुरुषांना शिकवण्यास कधी आडकाठी केली नाही. मग इथल्या लोकांना त्यात वावगं काय दिसतं? त्यांची आई पुराणं सांगत होती, त्या स्वतः भर सभेत बोलल्या होत्या. आपल्या देशातल्या लोकांना काय चालेल हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, असंही त्यांनी विनयानं पण ठामपणे सुचवलं. वर्षापूर्वी इंग्रजीचा धडा गिरवणारी बाई आता त्याच इंग्रजीत बिशपांच्या मताचं खंडन करत होती.

पुढच्या दीडदोन वर्षांतली पत्रं वाचताना हाच धागा दिसतो. खाण्यावरून वाद झाला. रमाबाई शाकाहारी होत्या, आणि अंडं घातलेलं गोड पक्वान्नही त्या खात नसत. सिस्टर जेराल्डिनना ही जातीची घमेंड वाटली. रमाबाईंचं उत्तर असं, की मी ख्रिस्ती झाले म्हणून पूर्वजांच्या चालीरीती टाकून देण्याचं कारण नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं हवीत की काय, असा प्रश्न निघाला. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या बायकांना कळत नाही. अक्षरं संस्कृत असू द्या. १८८५ साली तर त्यांनी सिस्टरना स्पष्ट कळवलं, की इतरांचं मी ऐकेन, पण मला माझी स्वतःची विवेकबुद्धी आहे आणि निर्णय तिच्याच सल्ल्यानं होईल. सिस्टर दुखावल्या, पण माया तुटली नाही. दोघींत पत्रं चालूच राहिली.

मला वाटतं, त्या नापास वर्षाची कमाई ही आहे. दुसऱ्याचं अन्न खायचं, दुसऱ्याच्या छपराखाली राहायचं, त्याचे उपकार मोकळ्या मनानं मानायचे, आणि तरी आपला निर्णय त्याच्या हवाली करायचा नाही. कुठं वाकायचं आणि कुठं नाही, हे परदेशी गेलेला विद्यार्थी पहिल्या वर्षात शिकतो. आनंदीबाईंनी नेसण्याची पद्धत बदलली, पण धर्माबद्दल दिलेला शब्द पाळला. रमाबाईंनी धर्म बदलला, पण ताट आणि पोशाख आपला ठेवला. दोघींची निवड एकमेकींच्या अगदी उलट. दोघींनी ती स्वतः केली, आणि दोघींवर टीका करणारे लोक मात्र साधारण एकाच तऱ्हेचे होते.

या दोघींची गाठ पडली ती अमेरिकेत. ११ मार्च १८८६ च्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी डीन बॉडलींनी रमाबाईंना निमंत्रण दिलं. सिस्टर्सच्या मनात नव्हतं, पण रमाबाई मनोरमेला घेऊन अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला पोचल्या. जी पदवी आपल्याला मिळवायची होती, ती दुसऱ्या मराठी मुलीला मिळताना त्यांनी समोर बसून पाहिली. असूयेचा एक शब्द त्यांच्या लिखाणात सापडत नाही.

आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परत आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ती आजही आहे. मावशीनं भाचीला जवळ घेतलं, ते असं.

रमाबाई समारंभापुरत्या अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. बालशिक्षणाच्या पद्धती शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याची प्रस्तावना डीन बॉडलींची. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसा पुरवण्याचं मान्य केलं. वाँटेजमध्ये पक्कं केलेलं इंग्रजी इथं कामाला आलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर 'शारदा सदन' उघडलं. तारीख पाहा, आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी आली गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

केडगाव येतं ते यानंतर. १८९० साली सदन पुण्याला आलं. बॉस्टनची मदत दहा वर्षांचीच आहे, पुढं काय, हा विचार करून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. शेती आणि फळबाग यांच्या उत्पन्नावर संस्था चालावी, हा हेतू. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली गोळा करून घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धामधूम, शहरात इतक्या जणींना ठेवायला सरकारची बंदी. म्हणून त्या मुली केडगावच्या माळावर आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तर इथल्या स्त्रिया आणि मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलाची घाणी, दुग्धशाळा, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. ज्या काळात घरच्या बाईनं उंबरा ओलांडणं ही बातमी होती, त्या काळात दौंड तालुक्यात मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या.

लहानग्या मनोरमेचं काय झालं, हेही सांगायला हवं. मोठी झाल्यावर तीही परदेशी शिकायला गेली. अमेरिकेत रॉचेस्टरजवळच्या नॉर्थ चिली गावी चेसब्रो सेमिनरीत ती विद्यार्थिनी होती. एका घरातली ही परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थिनींची दुसरी पिढी. परत आल्यावर मनोरमाबाईंनी केडगावच्या कामाचा मोठा भार उचलला आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. आईला कमी ऐकू येत असे, आणि मुलगी डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना वाचायला शिकवत होती. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या आणि त्यानंतर काही महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही केडगावलाच डोळे मिटले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी शेवटच्या दिवसांपर्यंत तपासलं. वाँटेजला पंचविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झालेली बाई त्यानंतर कायमच विद्यार्थिनी राहिली.

आता त्या मुलीकडे परत येतो. दोन महिने रोज खोटं बोलले, असं ती म्हणाली तेव्हा मला काही सुचलं नव्हतं. आज सुचतं ते असं. आपण घरची माणसं विचारतो, मार्क किती पडले, नोकरी कधी लागेल, कर्ज किती वर्षांत फिटेल. हे प्रश्न चुकीचे नाहीत. जमीन तारण आहे, झोप उडालेली आहे. पण १८८४ साली कुणी रमाबाईंना हेच प्रश्न विचारले असते, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं एकही उत्तर नव्हतं. उलट माक्स म्युलरांच्या घरातल्या त्या मोलकरणीनं काही विचारलं नसेल. ती फक्त त्या खोलीत झोपायला आली. त्या दिवसांत रमाबाईंना त्या सोबतीचीच गरज होती.

हे लक्षात ठेवावं, एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातलं, भावकीतलं कुणी यंदा बाहेर शिकायला गेलं असेल, तर फोनवर एकदा तरी म्हणा, "यंदा नाही जमलं तरी चालेल, तू नीट आहेस ना?" हे वाक्य ऐकून कुणी अभ्यास सोडत नाही. खोटं बोलायची गरज मात्र उरत नाही.

आणि जे गेले आहेत, त्यांनाही सांगणं आहे. सुटीत गावी आलात, की दौंडच्या गाडीनं एकदा केडगावला उतरा. नापास ठरलेल्या एका वर्षानंतर काय काय उभं राहू शकतं, ते तिथं चालत जाऊन पाहता येतं.